तिसऱ्या पाटीवरचा चिमटा

१

आवाज झाला तेव्हा मी पुढच्या खोलीत हॉटेलच्या चादरी उजेडात धरून डाग बघत होते. मला वाटलं, गाडीवरून गाठोडी घसरली. मग भट्टीखोलीच्या दारातून पांढरी वाफ बाहेर आली, आणि वाफेमागून कुणीच आलं नाही.

आत जावई होते. मोठ्या ढोलाचं लोखंडी दार उडून त्यांच्या छातीवर बसलं होतं. डॉक्टर आले, वाकले आणि लगेच उभे राहिले. त्या लगेच उभं राहण्यातच मला समजलं.

आमची लॉन्ड्री मोठी. हॉटेलं आणि दवाखाने यांचे कपडे त्या ढोलात वाफेवर उकळून निघतात. ढोल उघडायच्या आधी वरचा नळ सोडायचा, आतली वाफ शिट्टी मारत निघून जाते, शिट्टी थांबली की मगच दाराला हात. पोलिसांनी बघितलं तर वरचा नळ घट्ट बंद. आणि दार उडायच्या जरासं आधी, गाठोडी उचलून जावई परत आत गेल्यावर, माझ्या थोरल्याने अंगणातून दिलेली हाक सगळ्या गल्लीने ऐकली होती. "उघडा लवकर पाहुणे, गाडी ताटकळलीय."

"घाईपायी नळ न सोडताच दार उघडायला लावलं," इन्स्पेक्टर म्हणाले.

माझी लेक भिंतीला टेकून बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "माझा नवरा इथे आलेला दादाला पहिल्यापासून खुपत होतं."

ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं, तो माझा थोरला मान खाली घालून पोलिसांबरोबर चालता झाला. जाताना त्याने बायकोकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

लेकीचं कुंकू गेलं ते गेलं. आता मुलगाही तुरुंगात जाणार होता, आणि त्याला तिकडे पाठवणारी माझीच लेक होती.

२

ढोलाशेजारी भिंतीवर चार पत्र्याच्या पाट्या आहेत. ढोल कसा उघडायचा ते त्यांवर इंग्रजीत लिहिलंय. मुळात तो एकच लांब पत्रा होता, कंपनीने ढोलाबरोबर दिलेला. भिंतीवर आडव्या नळ्या असल्यामुळे तो मावेना. तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, देव त्यांना शांती देवो, मजकुरात जिथे मोकळी ओळ दिसली तिथे पत्रा कापला आणि चार तुकडे खिळ्यांना एकाखाली एक टांगले. एकच पत्रा होता, म्हणून आकडे घातलेले नव्हते.

त्या पाट्या कुणी वाचत नसे. थोरल्याला सगळं हातानेच येत होतं. वाचायचे ते फक्त जावई. त्यांची कचेरीतली नोकरी सुटली, मी त्यांना भट्टीवर घेतलं, तेव्हा म्हणाले, "सासूबाई, लिहिलेलं आहे ना, मग चूक होणार नाही." आणि खरंच, दर वेळी एकेक पाटी वाचून काम करायचे. जी पाटी करून झाली तिच्या कडेला कपड्याचा लाकडी चिमटा लावायचे, लाल दोरा बांधलेला, स्वतःचा. थोरला हसायचा. "पाहुणे पोथी लावून बसलेत, आज चादरी मिळतील का?"

पोलीस आले तेव्हा तो चिमटा तिसऱ्या पाटीवर होता. इन्स्पेक्टरांनी तेही लिहून नेलं. तिसरीपर्यंतचं सगळं झालं, असं माणसाने चिमट्याने सांगितलेलं, आणि नळ मात्र बंद. म्हणजे कुणीतरी सांगितलं, की राहू दे तो नळ. असं सांगणारा कोण, तर थोरला.

मी शिकवणीच्या बाईंना बोलावलं.

आमच्या नातवंडांना इंग्रजी शिकवायला त्या वरच्या खोलीत येतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. थोरली सून नॅपकिनांची घडी घालायच्या निमित्ताने तिथेच कोपऱ्यात बसून राहते, मला काय दिसत नाही? एकदा वाढता वाढता म्हणालीही होती, "आई, भट्टीखोलीतलं एक विचारायचं होतं." मी म्हटलं, "आधी कालचे नॅपकिन मोज, भट्टी सांभाळायला पुरुष आहेत." अशा वेळी ती लगेच गप्प होते, हा तिचा एक गुण.

"बाई," मी म्हटलं, "मला अक्षर कळतं ते मराठी, तेही छापलेलं. त्या पाट्यांवर काय आहे ते मला सांगा. पोलिसांनी वाचल्या, पण पोलिसांनी वाचलेलं मला पटत नाही."

"काकू, मी शिक्षिका आहे, वकील नाही."

"वकिलाला विचारलं. तो म्हणाला, पोराने कबूल करावं. त्यासाठी वकील कशाला हवा होता?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि भट्टीखोलीकडे चालू लागल्या.

३

त्यांनी पाट्या वरून खाली वाचल्या. मग खालून वर वाचल्या. ते मला विचित्रच वाटलं.

"पहिली म्हणते, वाफेची मोठी झडप बंद करा. दुसरी म्हणते, हे झालं की वरचा लहान नळ सोडा, आतली वाफ शिट्टी मारत जाईल, शिट्टी थांबेपर्यंत थांबा. तिसरी म्हणते, पण पाणी अशी शिट्टी मारत नाही, ते आत राहिलंय हे कळत नाही, म्हणून खालचा दांडा ओढून तेही काढा. चौथी म्हणते, ही दोन्ही निघून गेली की मगच चाक फिरवून दार उघडा."

"मग? बरोबर आहे की चूक?"

"एकदम बरोबर. काकू, इंग्रजीत परिच्छेद सुटे नसतात. दुसरीत 'हे झालं की' आहे, म्हणजे मागे काहीतरी झालेलं पाहिजे. तिसरीत 'पण अशी शिट्टी' आहे, म्हणजे मागे कुठलीतरी शिट्टी वाजलेली पाहिजे. चौथीत 'ही दोन्ही' आहे, म्हणजे मागे दोन गोष्टी असायला हव्यात. प्रत्येकाचा हात मागच्याच्या हातात आहे. मी मुलांना हेच शिकवते. परिच्छेदात काय आहे ते नंतर बघा, आधी तो मागे कुणाकडे बघतोय ते बघा."

"म्हणजे पाट्या ठीक, जावई हुशार, तरी नळ बंद," मी म्हटलं. "बाई, तुम्ही पोलिसांपेक्षा गोड बोलता एवढंच."

बाई दाराकडे वळल्या. "तुमची लेक कुठे आहे?"

लेक माजघरात होती. तिने दाराकडे पाठ फिरवून घेतली. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"घरी ते या कामाबद्दल काही बोलायचे?"

"पाठ करायचे. अंघोळ करताना, बूट घालताना. मला येतं ते आता, मी कधी भट्टीखोलीत पाऊल टाकलेलं नाही तरी." ती कोरड्या आवाजात म्हणायला लागली. "आधी झडप बंद. मग दांडा, पाणी. मग नळ, शिट्टी. मग चाक."

बाईंचा हात तिच्या खांद्यावर होता तो तिथेच थांबला.

"पाणी आधी? आणि शिट्टी नंतर?"

"रोज असंच म्हणायचे," लेक म्हणाली. "त्यांचं काही चुकत नव्हतं. ते वाचून करायचे."

४

रंगाऱ्याला बोलावलं. मागच्या महिन्यात भट्टीखोलीला रंग त्यानेच दिला होता. तो दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता.

"मालकीणबाई, मी रंग दिला, ढोलाला हात लावला नाही."

"ढोलाचं कोण विचारतंय? पाट्या कशा लावल्या ते सांग."

"काढल्या, रंगवलं, परत टांगल्या."

"कुठली कुठे ते कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"पहिलीवर लाल मोठी अक्षरं, ती वर. शेवटचीवर कंपनीचं चिन्ह, ती खाली. मधल्या दोन राहिल्या. एक लांब, एक आखूड. लांब वर, आखूड खाली. डोळ्याला बरं दिसतं." तो जरा थांबला. "काही चुकलं का?"

"तुझ्या डोळ्याला बरं दिसलं ना, झालं तर," मी म्हटलं.

बाई भिंतीजवळ गेल्या. दुसऱ्या जागी आखूड पाटी होती, नळाची. त्यांनी ती खिळ्यावरून उचलली. मागे भिंतीवर पाटीच्या कडेची रेघ उमटली होती, कारण रंग पुरता वाळायच्या आधीच टांगली होती. रेघ पाटीपेक्षा लांब होती. हातभर नाही, पण माझ्यासारखीलाही दिसेल एवढी. लांब पाटी, पाण्याची, ती त्या रेघेत डबीवर झाकण बसावं तशी बसली.

"म्हणजे जावई बरोबर पाठ करत होते," मी म्हटलं. "भिंतच चुकलेली होती."

"भिंत चुकलेली होती, पण त्याने कुणी मरत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आधी पाणी काढलं काय आणि आधी वाफ काढली काय, दोन्ही निघाल्याशी कारण. दांड्याने फक्त पाणी जातं ना?"

"फक्त पाणी. वाफ आतच राहते, तशी चकतीच आहे त्यात."

"मग रोज ते चुकीच्या क्रमाने वाचून ढोल नीट उघडत होते. काकू, मरण चुकीच्या क्रमात नव्हतं." त्यांनी आखूड पाटी हातात धरली होती ती खाली ठेवली. "पोलीस आले तेव्हा पाट्या बरोबर लागलेल्या होत्या. मधल्या काळात कुणीतरी त्या बदलून बरोबर केल्या. ज्याला त्या चुकल्यात हे कळलं, अशा कुणीतरी."

या घरात इंग्रजीत डोकं चालणारा एकच. धाकटा.

५

धाकटा पदवी घेऊन बसलाय. हॉटेलवाल्यांशी फोनवर इंग्रजी बोलतो तेव्हा आम्ही सगळे गप्प राहतो. त्याला बोलावलं, आणि नातवंडांनाही चहाच्या निमित्ताने वरच्या खोलीत बसवलं. बाईंनी चारही पाट्या टेबलावर उलटसुलट टाकल्या. "लाव पाहू."

"मला कशाला? मी ढोलाजवळ जात नाही. वासाने डोकं चढतं."

"लाव," मी म्हटलं.

त्याने मोठ्याने वाचल्या, सुरेख वाचल्या, बातम्या देतात तशा. मग लाल अक्षरांची वर ठेवली, चिन्हाची खाली, आणि मधे आधी लांब, मग आखूड. रंगाऱ्याने लावल्या अगदी तशाच.

"या दोन अशाच का?" बाईंनी विचारलं.

"दोन्हीत काम सांगितलंय. कुठलंही आधी करा. चांगलं दिसतंय की."

"'अशी शिट्टी' म्हणजे कुठली शिट्टी?"

"कुठली म्हणजे? शिट्टी." तो वैतागला. "बाई, प्रत्येक शब्दाचा अर्थ मला येतो."

"येतो," बाई म्हणाल्या. "तो मला दिसला. तू जाऊ शकतोस."

तो गेला. नातवंडं चहा संपवून पळाली. कोपऱ्यात थोरली सून नॅपकिनांची घडी घालत होती.

"काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "टेबलाकडे सगळ्यांनी बघितलं. तुम्ही, मुलं, चहा आणणारी मोलकरीण, तो स्वतः. एक माणूस सोडून."

मी सुनेकडे बघितलं. तिच्या हातातल्या नॅपकिनाची घडी पुन्हा पुन्हा उलगडत होती, आणि ती पुन्हा पुन्हा घालत होती. ती टेबलाकडे बघत नव्हती.

६

बाईंनी पाट्या उचलून टेबलावर एकाखाली एक मांडल्या, रंगाऱ्याच्या क्रमाने. वर झडप, मग पाणी, मग नळ, मग दार. पर्समधून केसांची पिन काढून ती चिमट्यासारखी दुसरीवर, पाण्याच्या पाटीवर खोचली.

"तुमच्या जावयांनी झडप बंद केली. दांडा ओढला, पाणी काढलं. पाण्याच्या पाटीला चिमटा लावला. इथवर ती दुसरी आहे. मग तुमच्या थोरल्याने त्यांना गाठोडी उचलायला हाक मारली. ते बाहेर गेले."

सुनेने नॅपकिन मांडीवर ठेवला.

"तेवढ्यात कुणीतरी आत आलं. पाट्या चुकल्यात हे त्या माणसाला आधीच कळलेलं होतं. या दोघींची अदलाबदल केली." बाईंनी पाण्याची पाटी उचलून खाली ठेवली आणि नळाची वर सरकवली. पिन पाण्याच्या पाटीवरच राहिली. "चिमट्याला त्या माणसाने हातही लावला नाही. तो पाटीबरोबर खाली आला. आता बघा, चिमटा तिसऱ्या पाटीवर आहे."

मला कळायला वेळ लागला. लागला तेवढाच बरा होता.

"जावई घाईत परत आले. थोरला बाहेरून ओरडत होता. त्यांनी मजकूर वाचला नाही, चिमटा बघितला. चिमटा तिसरीवर, म्हणजे तीन झाल्या. खाली चौथी, दार. नळाची पाटी चिमट्याच्या वर गेली होती, झालेल्यांत. त्यांनी दार उघडलं."

"बाईंनीच शिकवलं होतं," सून म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता, की मला वाटलं ती धुण्याचं काहीतरी सांगतेय.

"आधी एकदा मी चादरी आणायला गेले होते. पाट्या वाचल्या आणि मला कळलं. मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट इंग्रजीत कळली. 'अशी शिट्टी' म्हणतेय आणि शिट्टी अजून वाजलेलीच नाही. मी सांगायला आले होते, आई. वाढताना."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"मग म्हटलं, कुणाला कशाला सांगायचं, आपणच नीट लावू. बोलणी तरी बसणार नाहीत. त्या दिवशी खोली रिकामी दिसली. चिमटा मी बघितला होता. वाटलं, तो पाटीचा आहे, पाटीबरोबरच राहायला हवा."

बाई खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं मी त्यांना उभ्यानेच बोलताना बघितलं होतं. चष्मा त्यांनी काढला, आणि या वेळी तो पुसलाही नाही.

"मी आत्ता पोलिसांकडे जाते," सून म्हणाली.

"आधी मी जाऊन येते," मी म्हटलं.

७

थोरला गजाच्या पलीकडे बाकावर बसला होता. दाढी वाढली होती, आणि बापासारखा दिसत होता.

"पाट्यांचं सगळं कळलंय," मी म्हटलं. "बाईंनी उलगडलं."

तो दचकला नाही. तेव्हा मला कळलं, की त्यालाही ठाऊक होतं.

"खिडकीतून बघितलं होतं तिला," तो म्हणाला. "पाट्या हलवत होती. वाटलं, पुसतेय. इथे येऊन बसल्यावर चिमट्याचं ऐकलं, तेव्हा जोडलं."

"मग तोंडात काय धरून बसलायस? सांग की."

"काय सांगू? ती आत आली तरी मी सुटणार नाही. लवकर उघडा मी म्हणालो ते म्हणालोच. मी बोलावलं म्हणून ते अर्ध्यावर सोडून आले. वकील म्हणतो, एकाच्या जागी दोघं होतील. पोरांना निदान एक जण घरी राहू दे."

"आणि तुझी बहीण? तिला जन्मभर वाटणार, की भावाने..."

"वाटू दे. निदान तिची वहिनी तरी तिच्याजवळ राहील." तो पहिल्यांदा जरासा हसला. "तू तरी कुणाला कधी आयुष्यात गप्प बसून दाखवलंयस का, आई? आता दाखव."

सगळं आयुष्य मी तोंडाने चालवलं. नवरा गेल्यावर, लॉन्ड्रीचे मालक म्हणवणारे आले तेव्हा, हॉटेलवाले अडले तेव्हा. त्या बाकासमोर मात्र मला एक वाक्य सापडलं नाही.

घरी आले तर लेक सामान बांधून बसली होती. ती सासरी निघाली होती, आणि परत येणार नव्हती, ते बांधण्यावरून दिसत होतं. थोरली सून तिच्या पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळून डबा ठेवत होती. लेकीने तिचा हात धरला होता. या घरात तिला तेवढा एकच हात धरवत होता.

सून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, नको म्हणून. तिचे खांदे खाली आले. सुटल्यासारखे नाही, ओझं उचलताना येतात तसे.

"काय म्हणाला दादा?" लेकीने विचारलं.

"काही नाही."

"बाईंना काही सापडलं?"

"नाही."

तिने मान डोलावली. तिला हेच माहीत होतं. मग तिने मूठ उघडली. आत तो लाल दोऱ्याचा चिमटा होता, पोलिसांनी सोडून दिलेला, ती आज पहिल्यांदाच भट्टीखोलीत जाऊन घेऊन आली होती.

"आई, हा कुठल्या पाटीवर होता गं, त्या वेळी? मला नीट माहीत असू दे."

सुनेचा हात तिच्या हातात होता.

"तिसऱ्या," मी म्हटलं.